राणीच्या नाकावर पेढीचं नाव

माझ्या पहिल्या नोकरीत रेव्हेन्यू स्टॅम्पांची पानं कपाटात, चेकबुकाच्या शेजारी असत. एक रुपयाचा स्टॅम्प मागितला तरी कॅशियरकाका चष्म्यावरून बघत आणि वहीत सही घेत. एकदा मोजणीत तीन स्टॅम्प कमी भरले. शिपायापासून साहेबापर्यंत चौकशी झाली. शेवटी सापडले ते काकांच्याच वहीत, पानाला चिकटलेले!

हे आठवायचं कारण, परवा तिकिटं जमवणाऱ्या मित्राने दाखवलेलं 1881चं इंग्लंडचं जांभळं एक पेनीचं तिकीट. व्हिक्टोरिया राणीच्या चेहऱ्यावर लंडनच्या एका शेअर दलाल पेढीचं नाव काळ्या शाईत छापलेलं, तेही तिरकं. दोन अक्षरं थेट नाकावर.

तिकडे दोन पौंड किंवा जास्त रकमेच्या पावतीला पेनीचा स्टॅम्प लागे. 1881पासून पोस्टाला आणि पावतीला एकच तिकीट चालू लागलं. सरकारची सोय झाली, पेढ्यांची झोप उडाली. कारकुनाने दुपारी ड्रॉवरमधून उचललेलं तिकीट संध्याकाळी त्याच्या घरच्या पत्रावर! म्हणून हा ओव्हरप्रिंट, म्हणजे तिकिटावर वरून छापलेलं पेढीचं नाव. असं तिकीट पत्रावर चालत नसे. पत्रांसाठी ठेवलेल्या तिकिटांना मात्र पेढ्या चोरी टाळायला आपल्या आद्याक्षरांची भोकं पाडून घेत. ती युक्ती 1868पासूनची, स्लोपर नावाच्या माणसाची.

मला गंमत वेगळीच वाटते. हेच दलाल हजारो पौंडांचे सौदे नुसत्या तोंडी करत. ‘माझा शब्द हाच माझा करार’ हे लंडनच्या बाजाराने 1923मध्ये बोधवाक्यच करून टाकलं. आपल्याकडेही 1875मध्ये संघटना बांधायच्या आधी शेअर दलाल मुंबईच्या टाउन हॉलसमोर वडाखाली उभे राहून व्यवहार करायचे. परक्या दलालाच्या शब्दावर एवढा भरवसा, आणि रोज समोर बसणाऱ्या पोराच्या हाती एक पेनी द्यायची नाही?

शेअर ट्रान्सफरची तिकिटं आमच्या वडिलांनी फॉर्मच्या मागे जिभेने ओली करून चिकटवलेली मला आठवतात. डीमॅट आलं, म्हणजे शेअर कागदावरून संगणकातल्या खात्यात गेले, आणि ती चवही गेली. परवा दहा हजारांचे शेअर घेतले, स्टॅम्प ड्यूटी दीड रुपया. कुठे चिकटवणं नाही, सही नाही. काँट्रॅक्ट नोट, म्हणजे दलालाकडून येणारा सौद्याचा कागद, ईमेलने आली. ती उघडायला मात्र पासवर्ड म्हणून माझाच पॅन नंबर टाकावा लागला.