आमची वाटचाल : काट्यापासून मायक्रॉनपर्यंत

आमच्या फर्मचे काम सातपूरच्या एका लहान गाळ्यात सुरू झाले, तेव्हा नाशिकच्या बहुतेक घरांना एसी ही चैन वाटत असे. आमची मिळकत फ्रिजच्या दुरुस्तीवर आणि अंबडच्या कारखान्यांमधील विंडो एसींवर चाले. विंडो एसीतील गॅसचा मार्ग कारखान्यातूनच बंद होऊन येतो, त्यामुळे तो बसवणे हे मुख्यतः सुतारकाम आणि वायरिंग. स्प्लिट एसी आल्यावर मात्र इनडोअर आणि आउटडोअर यांना जोडणारी तांब्याची नळी जागेवर जोडण्याची, आणि तिच्यातील हवा व ओलावा काढण्याची जबाबदारी बसवणाऱ्यावर आली. पुढे आमच्या व्यवसायाला जे वळण लागले, ते या एका कामामुळे.

त्या काळी सर्रास वापरली जाणारी पद्धत सोपी होती : आउटडोअरमधील थोडा गॅस नळीत सोडायचा, दुसऱ्या टोकाचा नट सैल ठेवून हवा बाहेर ढकलायची आणि नट आवळायचा. आर-२२ गॅस आणि त्यासोबतचे खनिज तेल यांनी हा हलगर्जीपणा बराच काळ सोसला. आर-४१०ए गॅसच्या यंत्रांत मात्र पॉलिएस्टर जातीचे तेल येते. ते हवेतील ओलावा झपाट्याने शोषते आणि पाण्याशी त्याची अभिक्रिया होऊन आम्ल तयार होते, जे कालांतराने कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचे इन्सुलेशन खाते. नळीत राहिलेली हवा आउटडोअरच्या कंडेन्सरमध्ये गॅसप्रमाणे द्रवरूप होत नाही, ती जागा अडवून दाब वाढवते आणि ग्राहक विजेच्या बिलाला दोष देत राहतो. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या जळक्या कॉम्प्रेसरमधील काळे, उग्र वासाचे तेल पाहिल्यानंतर व्हॅक्यूम पंपाविना, म्हणजे नळीतील हवा ओढून ती निर्वात करणाऱ्या पंपाविना, स्प्लिट बसवायचा नाही, हा नियम आम्ही केला.

पंप घेतला म्हणजे प्रश्न सुटला असे मात्र नव्हते. मॅनिफोल्डचा, म्हणजे नळीला जोडायच्या दाबमापकाचा, काटा तळाशी गेला की व्हॅक्यूम झाला, असे मेकॅनिक मानतात. हा काटा नळीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती कमी झाला ते पाऱ्याच्या इंचांत दाखवतो; समुद्रसपाटीला तो ३० इंचांच्या जवळ जातो. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथे बाहेरच्या हवेचाच दाब कमी, आणि उत्तम पंप लावूनही काटा २८ च्या आसपास थांबतो. त्यामुळे कंपनीच्या पुस्तकातील आकडा गाठण्यासाठी चांगला पंप बदलायला निघालेले लोक आम्ही पाहिले आहेत. त्याहून मोठी अडचण अशी की, त्या गेजवरचा एक इंच म्हणजे २५,४०० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे पाऱ्याच्या मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि २५ अंश सेल्सिअसला पाणी उकळण्यासाठी दाब सुमारे २४,००० मायक्रॉनच्या खाली यावा लागतो. म्हणजे नळीतील पाणी वाफ होऊन निघणार की तसेच राहणार, हा सगळा हिशेब काट्याच्या एका रेघेत दडलेला असतो. म्हणून आम्ही डिजिटल मायक्रॉन गेज घेतला. तो निरपेक्ष, म्हणजे पूर्ण निर्वातापासूनचा, दाब मोजतो, त्यामुळे शहराची उंची त्याच्या आड येत नाही.

आज आमच्याकडे क्रम ठरलेला आहे. आधी कोरड्या नायट्रोजनने दाब देऊन गळती तपासायची, मग व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या खाली न्यायचा, आणि नंतर पंप बंद करून आकडा कसा चढतो ते पाहायचे. आकडा न थांबता चढत राहिला तर कुठेतरी गळती आहे. थोडा चढून स्थिरावला तर ओलावा शिल्लक आहे. पावसाळ्यात पंपाचे तेल वारंवार बदलावे लागते, कारण त्यात पाणी मिसळले की पंप खोल जातच नाही. थंडीत उलट अडचण येते : १० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब ९,२०० मायक्रॉनच्या आसपास उतरतो आणि ओलावा निघायला वेळ लागतो.

वेळ लागतो, तेथेच व्यवहाराचा प्रश्न उभा राहतो. “पंप नुसता चालू ठेवून बसण्याचे पैसे कसले?” असे गंगापूर रोडवरचे ग्राहकही विचारत. आम्ही व्हॅक्यूमचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा लिहू लागलो आणि शेवटचा आकडा ग्राहकाच्या कार्डावर नोंदवू लागलो. दिवसभरात शक्य तितके फ्लॅट उरकण्याची अट घालणारी काही कामे आम्ही सोडली, आणि त्या वर्षी हात आखडून राहावे लागले. आता आर-३२ मुळे वाद थोडा मिटला आहे. हा गॅस सौम्य ज्वलनशील असल्याने बंद गॅलरीत तो सोडून हवा काढू नये, हे ग्राहकाला लगेच पटते.

सध्या हॉटेल आणि कार्यालयांतील व्हीआरएफची, म्हणजे एका आउटडोअरवर अनेक इनडोअर चालवणाऱ्या यंत्रणांची, कामे वाढली आहेत. तेथे नळ्या लांब, सांधे अनेक; दोनदा व्हॅक्यूम करून नायट्रोजनने भरायचे आणि तिसऱ्यांदा पूर्ण खोल न्यायचे, असे आम्ही करतो. पंप रात्रभर चालवावा लागतो, आणि मधेच वीज गेली तर पंपातील तेल नळीत ओढले जाऊ नये म्हणून वीज जाताच आपोआप बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावल्याशिवाय साइट सोडायची नाही, अशी मुलांना ताकीद आहे.