पेवातला निळा उजेड

आमच्या आबांनी सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर तीस वर्षं हमाली केली. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. वर माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड, आत वीस-पंचवीस फूट खोल, घड्यासारखं पोट. हळद भरून तोंड लिंपलं की महिनोन्महिने कीड लागत नाही, कारण आतली हवा कोंडते, प्राणवायू संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. तो जड, म्हणून तळाशी बसतो. आबांच्या तरुणपणी त्यांच्या टोळीतला एक जण घाईनं उतरला तो वर आलाच नाही. आबा त्याबद्दल फार बोलत नाहीत. पण पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा, तो पेटता तळाला टेकला तरच माणूस उतरणार, हा नियम मी कळायला लागल्यापासून ऐकत आले आहे.

एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचा विषय निवडताना तोच कंदील डोक्यात होता. समुद्रात स्वतःचा उजेड असणारे बॅक्टेरिया असतात, आणि विष लागलं की तो उजेड घटतो. पाण्याची विषारीपणाची चाचणी जगभर याच तत्त्वावर होते. त्यात अ‍ॅलिव्हिब्रिओ फिशेरी हा बॅक्टेरिया १५ अंश सेल्सिअसला ठेवून ५, १५ आणि ३० मिनिटांनी उजेड मोजतात. मला पाणी नको होतं, बंद जागेतली हवा हवी होती. पाणबुडी, अंतराळयान, शीतगृह, पेव. जुलै १९७५ मध्ये अपोलो-सोयूझ मोहिमेवरून परतताना अमेरिकी यानाच्या केबिनमध्ये नायट्रोजन टेट्रॉक्साइड हा विषारी वायू शिरला आणि तिघे अंतराळवीर गुदमरले, एक तर बेशुद्ध झाला. तिघेही वाचले. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

प्रोजेक्टच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "कल्चर, म्हणजे वाढवलेले बॅक्टेरिया, विकत घेऊ नकोस, स्वतः काढ. म्हणजे त्याचा स्वभाव कळेल." म्हणून पहाटेच्या गाडीनं आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेले. मिरकरवाड्याच्या बंदरावरून ताजे बांगडे आणि माकूल (स्क्विड) घेतलं, थर्माकोलच्या खोक्यात भरून त्याच दिवशी परत. मासे तीन टक्के मिठाच्या पाण्यात अर्धे बुडवून थंड जागी ठेवले. फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत आणि गोड्या पाण्यानं धुवायचेही नाहीत.

दुसऱ्या रात्री फिजिक्सच्या डार्करूममध्ये गेले. पहिली काही मिनिटं काहीच दिसेना. अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो हे माहीत होतं, तरी छातीत धडधडत होतं. मग माकलाच्या कडेला मोहरीएवढा एक ठिपका दिसला, निळसर हिरवा. त्याच्या शेजारी आणखी एक. मी श्वास रोखून बसले होते.

ते ठिपके सुईनं उचलून मिठाच्या अगारवर, म्हणजे बॅक्टेरियांच्या जेलीसारख्या खाद्यावर, रेघा ओढून पसरवले, पुन्हा पुन्हा शुद्ध केले. सगळ्यात जास्त शिकवलं ते फ्लास्कनं. रात्रभर ठेवलेलं ब्रॉथ, म्हणजे बॅक्टेरिया वाढवलेलं पातळ खाद्य, अंधारात पाहिलं तर वर कडेला एक पातळ निळी रेघ आणि खाली नुसता काळोख. वाटलं, मेलं सगळं. मग फ्लास्क हलवला आणि अख्खा फ्लास्क पेटला. ठेवला की मिनिटाभरात परत काळोख, हलवला की परत उजेड. ल्युसिफरेज नावाच्या एन्झाइमला उजेडासाठी प्राणवायू लागतो, आणि दाट कल्चर खालचा प्राणवायू केव्हाच पिऊन टाकतं. रॉबर्ट बॉइलनं १६६७-६८ च्या सुमारास चकाकणारं कुजकं लाकूड आणि मासा हवेच्या पंपाखाली ठेवून हेच पाहिलं होतं. हवा काढली की उजेड मावळायचा. पुस्तकात ती ओळ मी तीनदा तरी वाचली असेल, पण कळली ती फ्लास्क हातात हलला तेव्हा.

इथेच माझ्या विषयातली खरी अडचण समोर आली. बंद डब्यात उजेड कमी झाला तर तो विषानं झाला की प्राणवायू संपल्यानं? म्हणून ब्रॉथ सोडून दिलं आणि अगारच्या ताटल्याच वापरायचं ठरवलं. तिथे पातळ थर सगळीकडून हवेला लागून असतो. शिवाय प्रत्येक वेळी दोन सारख्या बरण्या. एकीत तपासायची हवा, दुसरीत स्वच्छ. दुसरी बरणी नसेल तर पहिलीतल्या आकड्याला काही अर्थ नाही.

फेब्रुवारीपर्यंत बरं चाललं. मार्चमध्ये दोन संकटं एकदम आली. पहिलं म्हणजे बॅक्टेरिया सारखे नव्या ताटलीवर उतरवता उतरवता उजेडच गेला. वाढ उत्तम, वसाहती टपोऱ्या, पण अंधारात काही नाही. या बॅक्टेरियांत न चकाकणारे प्रकार निपजतात आणि ताटलीवर तेच वरचढ होतात, हे मी वाचलं नव्हतं. महिन्याभराचं काम गेलं. मुळातली एक स्टॉक नळी ग्लिसरॉलमध्ये जपून ठेवायला मॅडमनी पहिल्याच आठवड्यात लावलं होतं, तिच्यामुळे प्रोजेक्ट वाचला. तेव्हापासून दर वेळी अंधारात बसून सगळ्यात तेजस्वी वसाहत निवडायची आणि तीच पुढे न्यायची.

दुसरं संकट सांगलीच्या उन्हाचं. दुपारी चाळीसच्या घरात पारा आणि वीज गेली की इनक्युबेटरही तापायचा. समुद्रातल्या जिवाला ते सोसत नाही. शेवटी तोच मासळीचा थर्माकोलचा खोका, आत बर्फाच्या बाटल्या, वरून ओलं पोतं. दर तीन तासांनी बाटल्या बदलायच्या. वर्गातल्या दोन मैत्रिणींनी माझ्याबरोबर रात्रपाळ्या केल्या, त्यांचं हे ऋण मी विसरणार नाही.

उजेड मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. काळ्या खोक्यात मोबाईल बसवला, सगळ्या सेटिंग्ज एकाच जागी पक्क्या केल्या, तीस सेकंदांचं एक्स्पोजर आणि मग इमेज-जे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ताटलीची चमक मोजायची. आधी ओळखीच्या विषांवर हात बसवला. फिनॉलनं उजेड पाच मिनिटांत ढासळतो, झिंक सल्फेट मात्र सावकाश आत शिरतं, त्याला अर्धा तास द्यावा लागतो. पाच मिनिटांचाच आकडा घेतला असता तर झिंक निर्धोक आहे असं लिहून बसले असते.

मग वायू. तासगावकडे बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, ती खोली बंद असते आणि दार उघडणारा माणूस त्या धुरातच उभा असतो. तोच सल्फर डायऑक्साइड मॅडमच्या देखरेखीखाली अगदी थोडा बरणीत सोडला. ताटली बघता बघता विझली. मला आनंद झाला, पण मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "विष की आम्ल?" हा वायू पाण्यात विरघळला की आम्ल होतो, आणि आम्लानंही उजेड जातो. पुन्हा सगळं पहिल्यापासून, या वेळी आम्लता फार बदलू न देणारं फॉस्फेट बफर घातलेल्या अगारवर. उजेड गेलाच, पण सावकाश. म्हणजे आधीच्या घसरणीत आम्लाचाही वाटा होता. या चार दिवसांच्या कामाचा प्रबंधात अर्धा परिच्छेद झाला. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

बॅक्टेरिया विषाचं नाव सांगत नाही. हा त्याचा दोष आहे तसा गुणही. बंद केबिनमध्ये प्लॅस्टिक, रंग, गोंद, तापलेल्या तारा यांतून काय काय मिसळतं ते आधी ठाऊक नसतं, आणि यंत्र त्याला शिकवलेलेच वायू ओळखतं. जिवंत पेशी सगळ्या मिश्रणाचा एकत्र परिणाम दाखवते. सैबेरियातल्या क्रास्नोयार्स्कच्या जीवभौतिकी संस्थेत हे दोन्ही धागे एकाच छताखाली आले. १९७२ मध्ये माणसं आणि वनस्पती एकत्र कोंडून राहण्याची बायोस-३ ही जागा तिथे उभी राहिली, आणि चकाकणाऱ्या बॅक्टेरियांवरचं मोठं कामही तिथलंच.

शेवटचा प्रयोग आबांमुळे झाला. २००५ च्या महापुरानं हरिपूरची बरीच पेवं गेली, वापरातली आता थोडीच. त्यातलं एक उघडायचं होतं. मालक आबांच्या ओळखीचे. मी जाळीच्या टोपलीत दोन ताटल्या आणि त्यांच्याकडे रोखलेला मोबाईल ठेवला, ठरावीक वेळानं आपोआप एक फोटो. टोपलीच्या वर दोन हातांवर त्याच दोराला कंदील. आबांनी मला तोंडावर वाकूसुद्धा दिलं नाही. दोर त्यांनीच सोडला.

"इझला," ते म्हणाले. दोर निम्माही उतरला नव्हता. तसाच तळापर्यंत सोडून दहा मिनिटं ठेवला आणि वर घेतला.

ओसरीवर बसून आम्ही फोटो पाहिले. पहिल्या काहींत ताटल्यांवर कंदिलाचा पिवळा उजेड. मग तो तांबूस, मग मंद. एक फोटो जवळजवळ काळा. पुढच्यात दोन निळे-हिरवे गोल, स्पष्ट. शेवटच्या फोटोपर्यंत तसेच.

ज्योत साधारण सोळा टक्के प्राणवायूखाली टिकत नाही. बॅक्टेरियाला त्याहून कितीतरी कमी पुरतो. माणूस जिथे कोसळेल तिथे माझ्या ताटल्या शांत उजळत होत्या. त्यांना विष सापडलं नव्हतं, आणि नसलेली हवा त्यांना कळतच नव्हती. कंदिलाच्या जागी त्या वापरल्या असत्या तर माणूस गेला असता. प्रबंधाच्या निष्कर्षात मी हेच पहिलं वाक्य लिहिलं: प्राणवायूची तपासणी वेगळी केल्याशिवाय ही चाचणी बंद जागेत वापरू नये.

आबांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन तो फोटो बराच वेळ पाहिला. "एवढा उजेड, आन् हवा न्हाई," म्हणाले. मग उठून पेवाच्या तोंडावर आडव्या फळ्या टाकल्या, कुणी चुकून पडू नये म्हणून. पेव रात्रभर तसंच उघडं ठेवलं. सकाळी कंदील तळाला टेकेपर्यंत पेटता राहिला, तेव्हा माणसं उतरली.