एका तोळ्यात चार चौरस मीटर

गुरुवार, रात्री

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या सोनेरी तिघांच्या पुतळ्यांचे जवळून काढलेले फोटो आज पुन्हा पाहिले. मॅथ्यू बोल्टन, जेम्स वॅट आणि विल्यम मर्डॉक, वाफेची इंजिनं घडवणारे तिघे. विल्यम ब्लॉय यांनी घडवलेला हा ब्राँझचा समूह १९५६ साली उभा राहिला. २००६ साली त्याच्यावर नव्याने सोन्याचा वर्ख चढवला, २०१७ साली ट्रामच्या कामासाठी तो हलवला आणि २०२२ साली पुन्हा बसवला. तिघांचंही लक्ष बघणाऱ्याकडे नाही, समोर उलगडलेल्या वाफेच्या इंजिनाच्या आराखड्यात आहे. गावाने मात्र त्यांना गालिचे विकणारे ठरवून टाकलंय! उद्योजकाचा पुतळा असाच हवा, कामात गढलेला. हात उंचावून दिशा दाखवणारे पुष्कळ झाले. याच शहरातला रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टलीचा पुतळाही प्रयोगात गुंतलेला दाखवलाय. तो १८७४ साली संगमरवरात घडवला होता, १९५१ साली ब्राँझमध्ये ओतला. कारखान्यांच्या गावात ब्राँझच बरं. कोळशाच्या धुरातलं गंधक पावसाच्या पाण्यात उतरलं की संगमरवराचा वरचा थर जिप्सम होऊन सुटतो, आणि आधी नाक, पापण्या, बोटं जातात.

सोनेरी पुतळा दिसला की लोक पहिल्यांदा सोन्याचा भाव काढतात. हिशोब मांडून बघावा. वर्खाचं पान ८० मिलिमीटर चौरस, एका पुस्तकात २५ पानं. एका चौरस मीटरला १५६ पानं लागतात. कडा एकमेकींवर चढवणं आणि फाटतूट धरून २००, म्हणजे आठ पुस्तकं. पानाची जाडी मायक्रॉनचा साधारण दहावा भाग, त्यामुळे एवढं सगळं मिळून सोनं भरतं जेमतेम अडीच ग्रॅम. दहा ग्रॅमच्या तोळ्यात चार चौरस मीटर निघतात. उघड्यावरच्या कामाला जाड वर्ख घेतात, तरी आकडा फार वाढत नाही. खरा खर्च परांचीचा, ताडपत्रीचा, मजुरीचा आणि सोन्याखालच्या थरांचा.

त्या खालच्या थरांतच काम बिघडतं. वर्खाला सूक्ष्म छिद्रं असतातच. ब्राँझवर तो थेट बसवला आणि छिद्रातून पाणी आत गेलं, की सोनं आणि ब्राँझ यांच्यात बॅटरीसारखी क्रिया सुरू होते. सोन्याला काही होत नाही, खालचं ब्राँझ खाल्लं जातं आणि हिरवे फोड वर येतात. म्हणून आधी जुना थर आणि क्षार काढायचे, धातू तेलकटपणा जाईपर्यंत पुसायचा, मग दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर पिवळ्या रंगाचा हात. पिवळा रंग अशासाठी, की वर्ख कुठे सुटला तरी ती जागा डोळ्यात भरत नाही.

नंतर वर्ख धरून ठेवणारा जवसाच्या तेलाचा चिकटा. तीन तासांत वर्ख लावण्याजोगा होणारा मिळतो, बारा तासांचाही. मोठ्या पुतळ्याला बाराचा घ्यावा, कारण त्याची ओढ जास्त वेळ टिकते आणि झळाळी चांगली येते. बोटाचं पेर मागच्या बाजूने टेकवून बघायचं: ओढ लागली, बारीक ‘चट्’ झालं आणि ठसा उमटला नाही, की वर्ख लावायचा. घाई केली तर सोनं चिकट्यात बुडतं आणि मळकट दिसतं. उशीर झाला तर धरतच नाही. कोटाच्या चुण्यांत चिकटा साचतो, तिथे हात हलका ठेवायचा. वाऱ्यात सुटं पान हाती राहत नाही, म्हणून कागदाला धरलेला वर्ख वापरायचा. वरून लाखेचा किंवा वॉर्निशचा हात मुळीच नको. तो उन्हाने पिवळा पडून सोलवटतो आणि जाताना सोनं घेऊन जातो.

आपल्याकडे जयंती जवळ आली की चांगल्या ओतीव पुतळ्यावरही सोनेरी ऑइलपेंट फिरतो. त्यात सोनं नसतं, पितळेची पूड असते. एका पावसाळ्यात ती काळपट होते, पुढच्या वर्षी तिच्यावर आणखी एक हात. पाच-सात थरांनंतर शिल्पकाराने कोरलेली पापणीची कड बुजून जाते आणि सगळे महापुरुष एकाच चेहऱ्याचे दिसू लागतात. हा रंग उतरवायला तारेचा ब्रश, वाळूचा मारा किंवा आम्ल वापरू नये. रंग काढायची जेल लावून, प्लास्टिकने झाकून, मऊ झालेला थर लाकडी पट्टीने उचलावा. खालचं ब्राँझ चांगलं निघालं तर सोन्याचा मोह सोडावा. ते कोमट करून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा, वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी.

वर्खाच्या पुतळ्याला घासायचं नाही. साधं पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. पक्ष्यांची विष्ठा भिजवून काढायची. ठिगळ लावायची वेळ येतेच, आणि कॅरट बदलला की ते लांबूनही ओळखू येतं. तेव्हा वर्खाचा कॅरट, जाडी आणि चिकट्याचा प्रकार कामाच्या फाइलमध्ये लिहून ठेवायचा, आणि त्याच खेपेतली दोन पुस्तकं बाजूला काढून ठेवायची.