पोटमाळ्यावरून

"मॅडम, ह्याची शू खाली थेट ह्याच्या बाबांच्या अंगावर गळते."

त्या माउलीचा चेहरा इतका पडला होता की मी कसंबसं हसू आवरलं. परळच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली. नवरा बोटीवर. तो नसताना सहा वर्षांचा मुलगा खाली आईला बिलगून झोपतो, अंथरूण कोरडं. बाबा आले की त्याची रवानगी आजीबरोबर पोटमाळ्यावर, आणि तिथल्या फळ्यांना फटी. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.)

लघवीची आणि साखरेची तपासणी झाली, काही निघालं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी ही केस सांगितली, तीच चूक. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी डबा उघडता उघडता निदान केलं, "इडिपस! अगदी पुस्तकातला." सगळे खिदळले. बापाला बाजूला सारून आई एकट्याला हवी, ही मुलाच्या नेणिवेतली इच्छा. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याने १९०९ साली छोट्या हान्स नावाच्या मुलाच्या घोड्याच्या भीतीत हेच वाचलं. पण त्या उपचारात हान्सला तो एकदाच भेटला, बाकी सगळं मुलाच्या बापानेच केलं, हे डबा खाताना कुणी सांगत नाही. मी तर बापाला पाहिलंही नव्हतं. ओपीडीत मुलं आणतात त्या आयाच.

मुलांचं मन त्यांच्या खेळातून वाचणारी मनोविश्लेषक मेलनी क्लाइन प्रत्येक मुलाची खेळणी वेगळ्या खणात कुलूप लावून ठेवायची. आमच्याकडे सगळ्यांत मिळून एक टोपली होती, चाकं गेलेल्या गाड्या आणि कुणीतरी चावलेला हत्ती. खेळण्यांचा अर्ज अजून कुठल्या तरी टेबलावर पडून आहे. शेवटी मी चपलांच्या दुकानातून रिकामे खोके मागून आणायला लागले. प्रत्येकाचा एक खोका, झाकणावर त्याने स्वतः काढलेलं चित्र, आत जुन्या साडीच्या चिंध्यांची आई, बाबा, आजी, मूल. आपल्या खोक्याला दुसरं कुणी हात लावत नाही हे पटल्याशिवाय मूल खेळातसुद्धा बापाला मारायला धजत नाही. त्या खोक्यांचा मला अभिमान आहे, खोटं कशाला बोलू.

परळच्या त्या मुलाने चिंध्यांचा बाबा साबणाच्या डबीत बसवला आणि डबी फरशीवरून ढकलत माझ्या टेबलाखाली नेली. "गेले." परत ओढली. "आले." असं सहा-सात वेळा. फ्रॉइडचा दीड वर्षाचा नातू दोरी बांधलेलं रीळ असंच फेकायचा नि ओढायचा. आईचं जाणं तो खेळात आपल्या हातात घेतोय, असं आजोबांना वाटलं. म्हणजे त्या एका डबीत दोन फ्रॉइड बसले होते. एक म्हणत होता, बाप जावा. दुसरा म्हणत होता, जाणं सोसवत नाही. थांबायला हवं होतं. मी घाई केली.

"बाबा गेले की बरं वाटतं ना तुला?"

डबी थांबली. "मी नव्हतं सांगितलं त्यांना जायला."

"तू सांगितलंस असं कोण म्हणालं?"

बराच वेळ तो बाहुल्याचा दोरा उसवत बसला. "मनात बोललो होतो. जा म्हणून. मग कंपनीचा फोन आला."

पुढच्या वेळी बाबांना मुद्दाम बोलावलं. दाराशीच अवघडून उभे राहिले, पण ऐकलं सगळं. बोट कधी सुटते, कोण ठरवतं, हे त्यांनी पोराला बसून सांगितलं, आणि दोन-तीन रात्री स्वतः पोटमाळ्यावर झोपले. मग त्यांची तारीख आली, ते गेले, अंथरूण कोरडं झालं. मोठे डॉक्टर म्हणाले, "बघ, सांगितलं नव्हतं?" अहो, बाबा नसताना ते आधीही कोरडंच असायचं! त्यातून तुमचंही सिद्ध होत नाही नि माझंही.

गेल्या आठवड्यात आला होता. खोका आवरता आवरता म्हणाला, "मी मनात बोललेलं बाबांना बोटीवर ऐकू येतं?"

"नाही रे राजा, अजिबात नाही." मला त्याचं ओझं उतरवायचं होतं.

झाकण हातात धरून तो तसाच उभा राहिला.

"चांगलं बोललेलंपण नाही?"