जुने स्केट्स गेले, तेव्हा कळलं मापच चुकलं होतं

जुने इनलाइन स्केट्स, म्हणजे एका ओळीत चाकं असलेले, काही एका दिवसात गेले नाहीत. आधी टाचेपाशी लायनरचा, म्हणजे आतल्या मऊ अस्तराचा, फोम दबला, मग डाव्या बुटाच्या कफचा, म्हणजे घोट्याभोवतीच्या कडक पट्ट्याचा, रिव्हेट सैल झाला. पाय आत हलू नये म्हणून मी बकल इतकं आवळायला लागले की पंधराएक किलोमीटरनंतर बोटांना मुंग्या यायच्या. सलग तीस किलोमीटर जायचं असेल तर हे चालण्यासारखं नव्हतं.

शोध सुरू केला चाकांपासून. 80 मिमीचं चाक किलोमीटरमागे जवळजवळ 4000 वेळा फिरतं, 110 मिमीचं 2900 वेळा. हा हिशेब वहीत मांडला आणि मोठ्या चाकांनी वेडच लावलं. सोबत स्केटिंग करणाऱ्या एकीची तीन चाकांची, 125 मिमीची जोडी घालून पाहिली. वेग आला की मजा येते, रस्त्यावरच्या भेगा जाणवतही नाहीत. पण पाय जमिनीपासून बराच वर जातो. दहा मिनिटांत माझे घोटे आत कलायला लागले आणि ब्रेक लावताना छातीत धस्स झालं. उत्साह तिथेच उतरला.

मग, जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते केलं. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, टाच भिंतीला टेकवून कागदावर उभी राहिले आणि सगळ्यात लांब बोटापाशी खूण केली. डावा पाय 252 मिमी, उजवा 256. जुने स्केट्स होते 270 चे! रोजच्या बुटांच्या नंबरावर घेतले होते. म्हणजे इतकी वर्षं सैल बूट आवळून चालवत होते आणि मुंग्यांचं खापर वयावर फोडत होते.

आता 260 चे मागवले. पहिल्या जोडीत सरळ उभं राहिलं की अंगठा पुढे टेकायचा, गुडघे वाकवले की मोकळा व्हायचा, हे हवंच. पण आतल्या बाजूला घोट्याचं हाड टोचत होतं. लायनर सरावाने थोडं बसतं, कडक कवच बसत नाही, म्हणून ती परत केली. दुसरी जोडी पातळ मोजे घालून घरातच पाऊण तास पायात ठेवली. मधूनमधून गुडघे वाकवून पाहिले, टाच उचलली जाते का ते बघितलं. नाही उचलली. निर्णय झाला.

चाकं शेवटी 90 मिमीची, चार. तीन मोठ्यांपेक्षा बूट खाली राहतो आणि वजन चार ठिकाणी वाटलं जातं. 85ए कडकपणा डांबरी रस्त्याला ठीक वाटला. चाकं धरणारी फ्रेम ॲल्युमिनियमची, ती बुटाला जोडणाऱ्या दोन बोल्टमधलं अंतर 165 मिमी, हे प्रचलित माप आहे, त्यामुळे पुढेमागे वेगळी फ्रेम लावता येईल. बेअरिंगवरच्या एबीईसी आकड्याकडे मी फारसं पाहिलं नाही. तो घडणीतली अचूकता सांगतो, रस्त्यावरचा वेग नाही.

पहिल्या दिवशी मुद्दाम आठच किलोमीटर गेले. पोटऱ्या दुखल्या, मुंग्या नाहीत. चौथ्या खेपेला बावीस झाले, बकल एक खाच सैल ठेवून.

जुन्या जोडीचे बेअरिंग मात्र काढून घेतले. 608 मापाचेच आहेत, नव्या चाकांत बसतात.