पिअर्स बघायचा असेल तर त्याची शाळा गाठा, आणि रॉसमकला बसने जाऊ नका

डब्लिनमध्ये ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या 1916 च्या उठावाच्या नावाने वॉकिंग टूर विकतात, त्यातली एक मी घेतली. सरळ सांगतो, पैसे पाण्यात गेले. सगळा वेळ ओकॉनेल स्ट्रीटवरच. 24 एप्रिलला उठावाचा नेता पॅट्रिक पिअर्सने जीपीओसमोर (जनरल पोस्ट ऑफिस) प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला, 29 ला शरणागती, 3 मे ला गोळ्या घातल्या, संपलं. हा माणूस 1908 पासून स्वतःची शाळा चालवत होता यावर गाइडचं एक वाक्य, तेही चालता चालता. जीपीओ अजून चालू पोस्ट ऑफिस आहे, आत जायला तिकीट नाही, आयरिश दंतकथांतला वीर कुखुलिनचा पुतळा बघा आणि निघा.

निघायचं ते डब्लिनच्या रॅथफार्नम उपनगरात. सेंट एंडाज पार्क, शहरातून बस मिळते, म्युझियम फुकट. पिअर्सची शाळा आधी रॅनेलाला होती, 1910 मध्ये त्याने ती इथल्या मोठ्या घरात आणली आणि तिथेच पैशाची कंबर मोडली, कारण शहरापासून लांब म्हणून रोज येणारी पोरं गळाली, कर्ज वाढलं, 1914 मध्ये तो अमेरिकेत निधी मागत फिरला. पण शाळा काय होती! आयरिश आणि इंग्रजी दोन्ही भाषा, नाटकं, बागकाम. त्या काळच्या परीक्षाछाप शिक्षणाला तो मर्डर मशीन म्हणायचा आणि इथे त्याने त्याच्या उलट करून दाखवलं. 1913 मध्ये शाळेच्या मदतीसाठी ॲबी थिएटरमध्ये प्रयोग झाले, पोरांनी पिअर्सचं आयरिश नाटक केलं आणि त्याच संध्याकाळी टागोरांचं डाकघर झालं! हे मला आपल्याकडे कोणीच कधी सांगितलं नव्हतं. डॉर्मिटरी बघताना पोटात गलबलतं, कारण इथे शिकवणारे मॅकडोना, चित्रकला शिकवणारा भाऊ विली, पोरांची ड्रिल घेणारा कॉन कोल्बर्ट, सगळ्यांना त्याच मे महिन्यात गोळ्या घातल्या आणि इथले माजी विद्यार्थीही उठावात उतरले होते. अर्धा दिवस ठेवा, कमी नको.

आता रॉसमक. पिअर्स पश्चिम आयर्लंडमधल्या कॉनमाराच्या या गावात आयरिश बोलायला सुट्टीत यायचा, त्याने बांधलेलं गवताच्या छपराचं घर आहे (1921 मध्ये ब्लॅक अँड टॅन्स म्हणजे ब्रिटिशांच्या जादा पोलिसांनी जाळलेलं, नंतर परत बांधलं). जवळच्या गॉलवे शहरात आम्ही उतरलो होतो तिथे ठासून सांगितलं, बस दारात सोडते. अजिबात नाही. ड्रायव्हरने स्क्रीबच्या फाट्यावर उतरवलं आणि पुढे तासाभराची चाल, फुटपाथ नाही, एका बाजूला दगडी गडगा आणि दुसऱ्या बाजूला दलदल, पाऊस आडवा येतो त्यामुळे छत्री निरुपयोगी, आणि वळणावर गाड्या स्पीड कमी करत नाहीत. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक केलेल्यांना चाल काहीच नाही, पण इथे धोका वाटेचा नाही, गाड्यांचा आहे. रेनकोट भडक रंगाचा घ्या, उजव्या कडेने समोरच्या गाड्या बघत चाला, पाय दलदलीत टाकू नका, घोट्यापर्यंत जातो.

परत येताना एका टॅक्सीवाल्याने फाट्यापर्यंतचे 40 युरो मागितले. पाच किलोमीटरचे! कुडकुडलेला माणूस बघून भाव चढतो. आयर्लंडमध्ये टॅक्सीला मीटर असतो, बसायच्या आधी मीटर टाकायला सांगा, नाही म्हणाला तर सोडून द्या. मी सोडला आणि चालत आलो. खरं शहाणपण म्हणजे दोघं-तिघं मिळून गॉलवेहून गाडी भाड्याने घ्या.

एवढं होऊनही रॉसमक सोडू नका. व्हिजिटर सेंटरमधून वर गेलं की बुटकं पांढरं घर, मधे चूल, लहानशी खिडकी आणि तिच्यात तळं. ओ'डोनोव्हन रॉसा या जुन्या क्रांतिकारकाच्या अंत्यविधीचं 1915 चं ते गाजलेलं भाषण त्याने इथे बसून लिहिलं म्हणतात. मी ओल्या बुटांनी उभा होतो आणि तिथून हलावंसं वाटेना.

मधला गॉलवेचा दिवस छान गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

डब्लिनचं किल्मेनम जेल मात्र बुकिंगशिवाय मिळत नाही. गाइडेड टूरच असते आणि तिकिटं फार आधी संपतात, विमानाच्या तिकिटाबरोबरच तारीख बघून ठेवा. एजंटकडून पॅकेजमध्ये घेऊ नका, जेलच्या स्वतःच्या साइटवर घ्या. आत पिअर्सला गोळ्या घातल्या त्या दगड फोडायच्या अंगणात गाइड थांबवतो, तिथे फोटोसाठी धक्काबुक्की होते, मागे राहा म्हणजे नीट बघता येतं. तिथून आर्बर हिलच्या दफनभूमीत जा, पिअर्स आणि बाकीचे तिथे पुरलेत, भिंतीवर जाहीरनामा दोन्ही भाषांत कोरलाय. तिकीट नाही, आणि मी गेलो तेव्हा एकही टूर तिथे आलेली नव्हती.