कव्हरला पाडलेली बारा भोके

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या शेडमध्ये लेथचे आणि दुचाकी इंजिनांच्या पोर्टचे, म्हणजे मिश्रणाच्या आत-बाहेरच्या वाटांचे, काम चालते. बोटीची मोटर तिथे सहसा येत नाही. ती आली गेल्या मे महिन्यात, टेम्पोत गोणपाटावर आडवी टाकून. चिकोडी तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातल्या मुलांनी २०१९च्या महापुरानंतर वर्गणी काढून चौदा फुटी बोट आणि तिच्यासाठी पंचवीस अश्वशक्तीची, दोन सिलिंडरांची, टू-स्ट्रोक जुनी मोटर मालवणकडून आणली होती. माणसे बसली की बोट नाक वर करून पाण्यातून ओढल्यासारखी जाई. त्यावर उपाय म्हणून कोणा कारागिराने कार्बोरेटरच्या तोंडावरची डबी, म्हणजे एअर बॉक्स, काढून टाकली होती, कव्हरच्या मागच्या अंगाला बारा भोके पाडली होती आणि वाढलेल्या हवेला पुरावे म्हणून कार्बोरेटरचा मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक भोक, दोन नंबरांनी मोठा केला होता.

"मिस्त्री, भोकं पाडल्यापास्नं आवाज भारी झालाय की ओ, पण बोट काय पळंना," असे त्यांतला थोरला म्हणाला. अजून मोठा कार्बोरेटर बसतो का, हे विचारायला ते आले होते.

मी काही उघडण्यापूर्वी ड्रममध्ये पाणी भरून मोटर त्यात टांगली, सुरू केली आणि कार्बोरेटरच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर वहीचा कोरा कागद धरला. दहा-बारा सेकंदांत कागदावर पेट्रोल-ऑइलचे बारीक पिवळसर ठिपके उमटले. जे मिश्रण आत जायला हवे, तेच उलटे बाहेर फेकले जात होते. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीत, येते. पिस्टन खाली उतरताना ते दाबले जाते आणि सिलिंडरात चढते, आणि त्या दाबाच्या वेळी परतीची वाट बंद ठेवण्याचे काम रीड व्हॉल्व्हच्या पातळ पात्या करतात. पात्या नीट टेकत नसतील, तर तोंड कितीही रुंद केले तरी आलेले तेवढेच मागे जाते. त्यात एअर बॉक्स काढलेला, म्हणजे हे तुषार अडवून पुन्हा आत पाठवणारी डबीच नाहीशी झालेली. पेट्रोलची वाफ कव्हरखाली, प्लगच्या वायरींशेजारी कोंडत होती. पुरात माणसे आणायला जाणाऱ्या बोटीवर हे असे चालू होते, याचा मला रागच आला.

प्लग काढून पाहिले. वरचा फिकट तपकिरी, खालचा काळा आणि ओला. खालच्या सिलिंडरच्या प्लगची वायर काढून इंजिनाच्या धातूच्या अंगाला जोडली, तरी इंजिनाच्या आवाजात म्हणावा तसा फरक पडला नाही. म्हणजे मोटर जवळजवळ एकाच सिलिंडरवर चालली होती. रीडची प्लेट उतरवली तेव्हा खालच्या संचातल्या एका पातीचा कोपरा नखाएवढा तुटलेला दिसला, आणि दुसरी पाती वाकून तिच्याखाली फट मोजायच्या फीलर गेजचे ०.२० मिमीचे पान आरामात सरकत होते. पाती बदलणे दहा मिनिटांचे काम. पण तुटका तुकडा गेला कुठे, हे कळल्याशिवाय मोटर पुन्हा जुळवता येत नव्हती, कारण तो वर चढून पिस्टनवर गेला असता तर सिलिंडर ओरबाडून निघाला असता. स्टेनलेसचा असल्याने तो चुंबकाला दाद देईना. शेवटी तारेच्या टोकाला ग्रीस लावून क्रँककेसचा तळ चाचपला, तेव्हा चौथ्या-पाचव्या खेपेला तो चंद्रकोरीसारखा तुकडा चिकटून वर आला.

नव्या पात्या बसवल्या, एअर बॉक्स जुन्या बाजारातून मिळवला, जेट मूळ नंबराचा केला. माझ्यातल्या पोर्टवाल्यालाही स्वस्थ बसवेना: कार्बोरेटर आणि मिश्रण आत नेणारी नळी, म्हणजे मॅनिफोल्ड, यांच्यामध्ये गॅस्केटची कड सुमारे दोन मिलिमीटर वाटेत आली होती, ती कापून दोन्ही तोंडे कानशीने एकसारखी केली. कव्हरच्या भोकांवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी रिव्हेटने ठोकली, कारण थ्रॉटल एकदम सोडला की मागची लाट बोटीच्या मागच्या फळीवर चढते आणि तेच पाणी या भोकांतून कार्बोरेटरपर्यंत पोचते.

चाचणी कल्लोळ-येडूर बंधाऱ्याच्या फुगवट्यात घेतली. वाळूची पन्नास किलोंची चार पोती आणि आम्ही तिघे, एवढे ओझे ठेवले. आधीच्या आठवड्यात याच ओझ्यावर मुलांनी माझ्या टॅकोमीटरने मोजले होते, तेव्हा मोटर मिनिटाला ४,२०० फेऱ्यांच्या पुढे गेली नव्हती आणि मोबाइलवर वेग ताशी २२ किलोमीटर होता. आता फेरे ४,७०० झाले, वेग २८. त्यात माझ्या कानशीचा वाटा किती, ते सांगायला मी तयार नाही. वेगळा मोजला असता तरी तो मोजमापाच्या चुकीत गेला असता.

पण पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला ५,००० ते ६,००० फेरे दिलेले होते. इथे नदी समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच आहे, आणि दर शंभर मीटरला इंजिनाची ताकद ढोबळमानाने एक टक्का घटते. एवढ्या उंचीवर जेट बदलायची सहसा गरज नसते. प्रोपेलर मात्र समुद्रावरच्या हलक्या बोटीसाठी निवडलेला, १३ इंच पिचचा होता; पिच म्हणजे एका फेऱ्यात तो पाण्यात जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर. पिच एक इंचाने घटवली की साधारण दीडशे-दोनशे फेरे वाढतात, म्हणून ११ इंचाचा लावला. फेरे ५,१५० आणि वेग ताशी ३१. बोटीचे नाक खाली बसले आणि ती पाण्यावरून सरकू लागली.

दुपारी दोन वाजता पुन्हा धावलो, तर फेरे शंभरने कमी. मुलांचे चेहरे उतरले. सकाळपेक्षा हवा पंधरा अंशांनी तापली होती आणि तापलेली हवा विरळ असते, हे सांगितल्यावर थोरला म्हणाला, "म्हंजे पुराच्या दिवसांत गारठ्यात बरंच की." मग त्याने कव्हर उचलले आणि स्वतःच्या खिशातला कोरा कागद एअर बॉक्सच्या तोंडाशी धरला. मी थ्रॉटल दिला. त्याने कागद उन्हाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिला, घडी घालून खिशात ठेवला आणि विचारले, "आवाज मात्र पयल्यासारखा राहिला न्हाई ओ, ते काय करता येतंय काय?"